जुन्या विमानाला भंगार म्हणण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोमवारच्या अंकात इंदूरच्याच एका वाचकांचं पत्र आलं आहे. सरकार स्वतःच्या गाड्या पंधरा वर्षांनी मोडीत काढतं, मग पन्नास-पन्नास वर्षांची छोटी विमानं आपल्या डोक्यावरून उडू कशी देतात, ती सरसकट भंगारात का घालत नाहीत, असं त्यांनी विचारलं आहे. प्रश्न काळजीपोटी आलेला आहे, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं. अशाच एका विमानाच्या तीन मालकांपैकी मी एक. विमान सेसना १७२, एका इंजिनाचं, चार माणसांचं, बनावट १९७४ सालची. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान.

माझा धंदा नट-बोल्टांचा, सियागंजात, आजोबांपासून चालत आलेला. बाकीच्या दोन भागीदारांपैकी एक दातांचे डॉक्टर आहेत, दुसरे देवासच्या कारखान्यातून निवृत्त झाले. विमान शहरापासून दोन तासांवरच्या एका हवाईपट्टीवर पत्र्याच्या शेडमध्ये असतं. खासगी नोंदणीचं आहे, त्यामुळे भाडं घेऊन कुणाला बसवता येत नाही, कमाईचा प्रश्नच नाही. आमच्या घरात दुसरी गाडी नाही, सुट्टीत लांबचा प्रवास नाही. जे उरतं ते त्या शेडमध्ये जातं. माझ्या पत्नीला हे मान्य आहे, आणि तिचं मन किती मोठं आहे ते मला ठाऊक आहे.

आता गाडीशी तुलना. आपण नवी मोटार घेतली की पहिली पंधरा वर्षं तिच्या पोटात काय चाललंय हे बघायला कुणी येत नाही. ब्रेक झिजले, स्टिअरिंगमध्ये खेळ आला, तरी कागदोपत्री ती ठणठणीत. नोंदणी नवी करताना फिटनेस दाखवावा लागतो, तो तेव्हा. आमच्या विमानाला दर पन्नास तासांनी ऑइल, दर शंभर तासांनी तपासणी, आणि उडालं न उडालं तरी वर्षातून एकदा संपूर्ण तपासणी. खुर्च्या बाहेर, तळाच्या फळ्या वर, पंखाखालची झाकणं उघडी. हे काम मालकाने करून चालत नाही. लायसन्स असलेल्या इंजिनियरने बघून सही करावी लागते आणि त्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डी.जी.सी.ए.) नियमांप्रमाणे वर्षभराचं प्रमाणपत्र मिळतं. ते संपलं की विमान जमिनीवर. आमच्या विमानाचे आजवर सहा हजार एकशे चाळीस तास झाले आहेत. ताशी चाळीसच्या वेगाने शहरात फिरणाऱ्या मोटारीचे हे जवळजवळ अडीच लाख किलोमीटर. त्या प्रत्येक तासाची नोंद १९७४ पासूनच्या लॉगबुकांत आहे, कुठला भाग कधी काढला आणि त्याच्या जागी कुठला बसवला यासकट. माझ्या स्वतःच्या तब्येतीचा इतका सलग इतिहास कुठल्याही डॉक्टरकडे नाही.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी उतरल्यावर पुढचं चाक थरथरायला लागलं. आमच्या इंजिनियरना आम्ही अण्णा म्हणतो. हवाई दलातून निवृत्त झालेले, आता बहात्तर वर्षांचे. अण्णांनी चाकाच्या वरची कात्रीसारखी जोडणी, तिला टॉर्क लिंक म्हणतात, ती हलवून बघितली आणि बोल्ट झिजला म्हणून काढला. बोल्ट माझ्या हातात आला. तीस वर्षं हेच विकतोय. व्यास, लांबी, बारीक आट्या, सगळं ओळखीचं. दुकानात आलो, इंची मापाचा हाय टेन्साइल बोल्ट शोधला, मायक्रोमीटर लावून बघितलं, तंतोतंत. ताकदीतही फारसा फरक नाही हे मी धंद्याच्या अनुभवाने सांगू शकतो. दुसऱ्या रविवारी तो अण्णांसमोर ठेवला. त्यांनी तो उचलला, डोक्यावरची खूण बघितली आणि परत माझ्या तळहातावर ठेवला.

"भाऊ, बोल्ट चांगला आहे. कागद कुठाय?"

विमानाच्या बोल्टच्या डोक्यावर फुलीसारखी उठावदार खूण असते. पण खूण तर कुणीही उठवेल. त्याच्याबरोबर जो दाखला येतो तो महत्त्वाचा: कुणी बनवला, पोलादाच्या कुठल्या खेपेतला, कुणी तपासून सोडला. उद्या त्या खेपेत दोष निघाला तर जगात जिथे जिथे तो बोल्ट बसलाय तिथे निरोप जातो. माझ्या दुकानातला बोल्ट विकला गेला की तो कुठे गेला हे मला सांगता येत नाही. बारा रुपयांच्या त्या बोल्टाच्या जागी कागदासकट आलेला बोल्ट आम्ही मागवला, एकोणीस दिवस विमान उभं राहिलं, आणि त्या दिवसापासून मी माझ्याच दुकानातल्या मालाकडे वेगळ्या नजरेने बघतो. पुढे एकदा एका पुरवठादाराने मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या यंत्राचा, एक भाग पाठवला, त्याच्या दाखल्यावरचा क्रमांक आणि भागावरचा क्रमांक जुळेना. अण्णांनी डबा उघडा ठेवला, भागाला हातही लावला नाही. पैसे अजून परत आलेले नाहीत.

वार्षिक तपासणीला मी शेडमध्ये दिवसभर असतो. कॉकपिटपासून शेपटापर्यंत पोलादी तारांचे दोर जातात, त्यांनीच शेपटाची पाती हलतात. बारीक तारा पिळून केलेला हा दोर कप्पीवरून जिथे वळतो तिथे एखादी तार तुटलेली असू शकते आणि ती डोळ्यांना दिसत नाही. अण्णा जुन्या धोतराचं मऊ फडकं दोराभोवती धरतात आणि हळूहळू पुढे नेतात. तार तुटलेली असली की फडक्याचा धागा अडकतो. हातात पकडून मीही ते करतो, अण्णा मागून दुसऱ्यांदा करतात. चार वर्षांपूर्वी एका जागी धागा अडकला. एकच केसाएवढी तार. दोर त्या दिवशी उतरवला.

तसाच खुर्चीचा रूळ. या विमानात वैमानिकाची खुर्ची दोन रुळांवर पुढेमागे सरकते आणि रुळातल्या भोकात एक पिन बसून ती अडकते. वर्षानुवर्षं वापरून भोक लांबट होतं, पिन पुरती बसत नाही. नाक वर करून विमान चढत असताना पिन सुटली तर खुर्ची मागे घसरते, वैमानिकाचा हात कंट्रोलवर असतो, तो आधारासाठी ओढला जातो आणि नाक आणखी वर जातं. अशा अपघातांत माणसं गेली, म्हणून १९८७ साली अमेरिकेच्या विमान खात्याने सेसनाच्या रुळांच्या तपासणीचा आदेश काढला आणि तो आपल्यालाही लागू आहे. जुन्या विमानांसाठी कारखान्याने जादा तपासण्यांची यादीच काढली आहे. म्हणजे वय वाढलं याची दखल कुणी घेत नाही असं नाही; वयाबरोबर तपासणी वाढत जाते. पत्रलेखकांना हे माहीत नसणं साहजिक आहे. मला तरी मालक होईपर्यंत कुठे माहीत होतं?

पण या विमानाला खरा धोका कशापासून आहे, ते मला माझ्या चुकीतून कळलं. ते लिहिण्यासाठीच हे पत्र लांबवतो आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि विमान उभं राहिलं. जूनमध्ये जायला-यायला मोकळीक मिळाल्यावर मी एक रविवार सोडून एक रविवार जायचो. उड्डाण नाही, पण इंजिन सुरू करून दहा मिनिटं फिरवायचो. मोटार बंद राहू नये म्हणून आपण करतो तसं. मनाला बरं वाटायचं की यंत्राची काळजी घेतोय. अण्णा तेव्हा त्यांच्या गावी अडकले होते. पावसाळा पूर्ण गेला. ऑक्टोबरमध्ये सगळ्या तपासण्या करून उडायला लागलो. इंजिन गोड चालायचं. इंजिन मिनिटाला एक हजार सातशे फेऱ्यांवर ठेवून मॅग्नेटो एकेक करून बंद करून बघतात, त्यात फेऱ्या किती पडतात ते ठरावीक मर्यादेत असावं लागतं. तेही अगदी ठीक.

मग पन्नास तासांचं ऑइल आलं. ऑइल बदललं की फिल्टर फेकायचा नसतो. डबा उघडायच्या कटरसारखं एक हत्यार असतं, त्याने फिल्टरचं पत्र्याचं कवच गोल कापतात, आतला घड्या घातलेला कागद सुरीने सोडवून वर्तमानपत्रावर पसरतात. अण्णांनी तो पसरला आणि टॉर्च तिरपी धरली. घड्यांच्या तळाशी चांदीच्या वर्खासारखं काहीतरी चमकलं. अण्णांनी प्लास्टिकच्या पिशवीत चुंबक घातला आणि कागदाजवळ नेला. चमकणारे कण उठून पिशवीला चिकटले. ॲल्युमिनियम चिकटलं नसतं. लोखंड. म्हणजे आत काहीतरी पोलादी झिजत होतं. कुणी काही बोललं नाही. त्या सकाळी शेडमध्ये पत्र्यावर चिमण्यांचे पाय वाजत होते ते मला अजून आठवतात.

सिलिंडर काढल्यावर कॅमशाफ्ट, म्हणजे इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा, दिसला. त्याच्यावरचे उंचवटे आरशासारखे गुळगुळीत असायला हवेत. त्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे होते, त्या उंचवट्यांवर टेकणाऱ्या टॅपेटच्या तोंडावरही. कारण अण्णांनी मला समजावलं. आमच्या लायकमिंग इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला आहे. इंजिन चालताना उडणाऱ्या ऑइलने तो भिजलेला राहतो; उभं राहिलं की ऑइल निथळून खाली जातं आणि तो उघडा पडतो. पावसाळ्याची दमट हवा तिथपर्यंत पोचते आणि पातळ गंज चढतो. पुढे इंजिन चालू झालं की तो गंज कानसेसारखा घासायला लागतो. आणि माझी दहा मिनिटं? पेट्रोल जळलं की पाणी तयार होतं. तासभर उडालं तर ऑइल इतकं तापतं की ते पाणी वाफ होऊन निघून जातं. जमिनीवर दहा मिनिटांत ऑइल कोमट होतं, पाणी आतच राहतं. इंजिन बनवणाऱ्या कंपनीची सूचना स्पष्ट आहे: तीस दिवसांत एकदा तरी सलग एक तास, ऑइल साधारण ७४ ते ९३ अंश सेल्सिअसला पोचेल असं विमान उडवा, ते शक्य नसेल तर रीतसर प्रिझर्वेटिव्ह ऑइल घालून, ओल शोषणारे प्लग लावून इंजिन बंद करून ठेवा. जमिनीवर फिरवणं हा पर्याय नाही. मी दर खेपेला इंजिनात ओल भरत होतो.

ओव्हरहॉलला इंजिन बाहेरगावी गेलं. कॅमशाफ्ट आणि टॅपेट परदेशातून यायचे. चौदा महिने विमानाच्या नाकाच्या जागी भोक आणि त्यावर ताडपत्री. वीस लाखांच्या वर खर्च, तिघांत वाटला तरी मला एक फिक्स डिपॉझिट मोडावं लागलं. डॉक्टरांनी हिस्सा विकायचं ठरवलं होतं, शेवटी राहिले. इंजिनाचं आयुष्य कंपनीने दोन हजार तास किंवा बारा वर्षं सांगितलं आहे. आमच्या इंजिनाचे तासही शिल्लक होते आणि वर्षंही. ते सात महिने उभं राहून गेलं.

म्हणून पत्रलेखकांना माझं सांगणं आहे की भीती बाळगायची असेल तर महिनोन् महिने कोपऱ्यात उभ्या असलेल्या विमानाची बाळगा, मग ते पाच वर्षांचं का असेना. उभ्या विमानात टाक्यांत पाणी साठतं, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. कुंभारीण माशी तर दिवसभरात घर करते. डाव्या पंखाखाली बोटाएवढी नळी असते, तिच्यात शिरणाऱ्या हवेवरून वेग कळतो. एकदा दिवाळीच्या सुमारास तिच्यावरचं लाल टोपण दिवसभर काढलेलं राहिलं. दुसऱ्या सकाळी धावपट्टीवर धावताना काटा शून्यावरून हलेना. वेळेवर थांबलो. नळीत ओल्या मातीचा बोळा होता. तेव्हापासून टोपण कुणी काढलं आणि कुणी लावलं याची वही आहे.

जुनं तंत्र म्हणजे कच्चं तंत्र, असाही एक समज त्या पत्रात दिसतो. या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि एकमेकांशी संबंध नसलेले दोन मॅग्नेटो आहेत. ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. सगळी वीज गेली तरी इंजिन चालत राहतं. टाक्या वर पंखात, इंजिन खाली, पेट्रोल नुसतं उतरत येतं, पंप नाही. जे नाही ते बिघडत नाही. याच्या मर्यादाही आम्हाला पाठ आहेत. इंदूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअठराशे फूट उंच. मे महिन्यात पारा ४२ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असं वाटतं. दीडशे अश्वशक्तीचं इंजिन आणि चार माणसं घेऊन त्या दुपारी कुणी उडू नये. आम्ही उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उतरलेले असतो, दोघेच.

पत्रलेखकांचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. तपासणी टाळणारे, तास कमी लिहिणारे मालक असू शकतात. लॉगबुकात खोटं लिहिणाऱ्याचं विमान नवं असलं तरी जमिनीवर ठेवावं. त्याच्यासाठी मी एक ओळही लिहिणार नाही.

माझी पहिली विमानसफर १९७५ ची. तेरा वर्षांचा होतो, काकांच्या ओळखीने 'पुष्पक'मध्ये बसायला मिळालं. दोन माणसांचं, कापडाने मढवलेलं, नव्वद अश्वशक्तीचं विमान. कापडावर चढवलेल्या डोप नावाच्या लेपाचा नखांना लावायच्या रंगासारखा वास अजून नाकात आहे. ते बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टने बनवलं आणि त्याचे शिल्पकार डॉ. वि. मा. घाटगे कोल्हापूरकडचे, जर्मनीत ग्योटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटलच्या हाताखाली शिकलेले, हे मला पुष्कळ नंतर कळलं आणि ऊर भरून आला. १९५८ मध्ये ते पहिल्यांदा उडालं आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत मुलं त्यावर शिकली. आज एखादं चालू स्थितीतलं पुष्पक बघायचं तर शोधावं लागतं. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये कराची-मुंबई टपाल आणलं त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी त्यांनी तोच प्रवास लेपर्ड मॉथ नावाच्या छोट्या विमानातून पुन्हा केला. विमानही पन्नाशीच्या घरातलं होतं. आपल्या हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धातलं डाकोटा 'परशुराम' नावाने उडतं ठेवलं आहे. वयाची सरसकट रेघ ओढली तर हे सगळं भंगारात जातं.

संपादक महोदय, आपल्या वर्तमानपत्रातून मागणी व्हायचीच असेल तर ती वेगळी व्हावी. उज्जैन, रतलामसारख्या ठिकाणी हवाईपट्ट्या आहेत. अशा पट्ट्यांवर चार-सहा छोट्या विमानांपुरत्या बंदिस्त शेड झाल्या, तर माळव्याच्या पावसात विमानं उघड्यावर राहणार नाहीत. आम्हीही पहिली तीन वर्षं एका ठिकाणी उघड्यावर दोर बांधून ठेवलं होतं, आणि पंखाच्या मुळाशी जो गंज निघाला तो त्या तीन वर्षांचा होता. शेडचं भाडं आम्ही देऊ. शेडच नाही ही अडचण आहे.

दुसरं इंधन. ही इंजिनं १०० एलएल नावाच्या निळ्या पेट्रोलवर चालतात. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते पाणी ओढतं आणि जुनी रबरी सीलं खातं, म्हणून चालत नाही. वर्षानुवर्षं हे निळं पेट्रोल परदेशातून यायचं. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते बडोद्याजवळ कोयलीच्या रिफायनरीत बनवते, ही आमच्यासारख्यांसाठी फार मोठी गोष्ट झाली. बडोदा इथून लांब नाही. पण लहान पट्टीवर ते पिंपांतून आणावं लागतं, आणि एक पिंप आणायचं म्हणजे परवानग्या, गाडी, साठवणीची जागा. रविवारचं तासाभराचं उड्डाण कित्येकदा केवळ पिंप न आल्यामुळे राहतं. इंजिन उभं राहिलं की काय होतं ते वर लिहिलंच आहे. तीन-चार पट्ट्या मिळून एक साठा ठेवता आला तरी काम होईल.

तिसरी गोष्ट मला रात्री जागं ठेवते. अण्णा बहात्तर वर्षांचे आहेत. त्यांच्या हाताखाली कुणी नाही. विमान दुरुस्तीचं शिक्षण घेणारी मुलं जेटच्या लायसन्सकडे जातात, आणि त्यांचं बरोबर आहे, पगार तिथे आहे. पिस्टन इंजिनाचं लायसन्स वेगळं, त्याला मागणी थोडी. मॅग्नेटो उघडून त्याचे पॉइंट बघणारा, फडक्याने दोर तपासणारा हात एकदा गेला तर पुस्तकातून परत येणार नाही. शहरातल्या तंत्रशिक्षण संस्थांनी वर्षाला दोन मुलं जरी रविवारी आमच्याकडे पाठवली तरी अण्णा शिकवायला तयार आहेत, फुकट. मुलांचा जाण्यायेण्याचा आणि जेवणाचा खर्च मी करीन. हे मी पूर्ण विचार करून लिहितो आहे.

आणि ज्या वाचकांनी पत्र लिहिलं त्यांनाही आमंत्रण. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ठेवला आहे. येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पन्नास तासांचं ऑइल आहे. इंदूरहून पहाटे साडेचारला निघू, डबा घरचा असेल. सकाळी सातला काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उघडतो. फिल्टर अण्णा कापतील. कागद पसरला की टॉर्च पत्रलेखकांनी धरावी.

आपला,
सियागंजातील एक नट-बोल्ट व्यापारी,
इंदूर